चौकट सत्ती

दिवाळी उलटली की आमच्या घोटावड्यात सकाळी धुकं उतरतं आणि धुक्यात भाताचा वास अडकून राहतो. पिकलेल्या आंबेमोहोराचा वास. यंदाही तो आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, हातात ओली चादर होती, आणि एकदम तो वास नाकात शिरला. कुणाच्या शेतातून आला देव जाणे. आमच्या नक्कीच नाही. आमच्या शेतात आता हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या दोन उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर पिवळी क्रेन सकाळपासून करकरत असते. मी चादर नको इतकी पिळली. लोकांना जुने वास आले की बरं वाटतं म्हणतात. मला राग येतो.

त्या शेताला आम्ही वाकण म्हणायचो. मुळा नदी आमच्या शिवारात एके ठिकाणी अचानक वळते, त्या वळणाच्या पोटात ते खाचर होतं. घरची बाकीची जमीन कधीच गेली होती. काही वाटण्यांत, काही रस्त्यात, एक तुकडा कारखान्याला. रस्त्याकडेच्या जागेवर आम्ही तीन मजले चढवून खोल्या काढल्या आणि हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. पण वाकण राहिलं होतं. माझे सासरे, नाना, दर पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी करून घ्यायचे. "खोल्या तुमी बगा," ते दोन्ही मुलांना सांगायचे, "मला माजं वाकण बास हाय."

लग्न होऊन मी जवळच्याच चांदे गावाहून या घरात आले, तेव्हापासून जमीन घेणाऱ्यांची ये-जा बघत आले. पांढरे बूट, हातात दोन फोन, गाडी अंगणात अशी लावायची की म्हशीला वाट राहू नये. ते ओसरीवर बसायचे, मी चहा द्यायचे आणि दारामागे उभी राहायचे. बाईनं व्यवहारात बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं, त्यामुळे बघायला मला भरपूर वेळ असायचा. बघून बघून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणूस खरं बोलत असतो तेव्हा तो आपल्याच नादात असतो. आवाज चढवतो, मांडीवर थाप मारतो, चहा गार झाला तरी त्याला कळत नाही. पण खोट्याची वेळ आली की तो सभ्य होतो. समोरच्याची विचारपूस करू लागतो. "वहिनी, चहा फक्कड झालाय," असं कुणी म्हणालं की मी समजायचे, पुढचं वाक्य खोटं असणार. आणि ते असायचंच. "मोजणी आमच्या खर्चानं." "पुढच्या महिन्यात सगळं नावावर." मी एकदोनदा संजयला, माझ्या नवऱ्याला, सांगूनही पाहिलं. तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?"

मला कळतंय हे पहिल्यांदा मान्य केलं ते मेघनानं. ती नागपूरची, दुसऱ्या मजल्यावर राहायची. रविवारी दुपारी तिचे ऑफिसातले मित्रमैत्रिणी यायचे आणि गच्चीवर ताडपत्रीच्या सावलीत पोकर खेळायचे. एकदा मी पापड वाळवत होते, तर ती म्हणाली, "काकू, बसता का जी? एक माणूस कमी पडून राहिला. पैशाचं नाही, हरभऱ्यावर आहे."

पत्ते मला नवे नव्हते. माहेरी गौरीगणपतीत रमी, मेंढीकोट सगळं व्हायचं. हा खेळ तर त्याहून सोपा वाटला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं. मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडायची, आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचा डाव मोठा तो जिंकला. पण प्रत्येक पान उघडलं की पुढे हरभरे सरकवायचे, आणि समोरचा तेवढे सरकवायला घाबरला तर त्याची पानं फेकली जातात. मग तुमच्या हातात काहीही असो, डाव तुमचा. म्हणजे पानं थोडी आणि माणूस फार. मेघना कुठलं पान यायची किती शक्यता, त्याची टक्केवारी शिकवायची, मी ती शिकले. माणसं मला शिकवावी लागली नाहीत. ती मी ओसरीवर शिकून आले होते.

ते दिवस सुखाचे होते, हे मला आज कबूल करवत नाही इतकं ते सुख पुढे महाग पडलं. गच्चीवरून वाकण दिसायचं. पोटरीला आलेलं भात वाऱ्यानं एका अंगावर कलायचं, पुन्हा सरळ व्हायचं. पोरं "काकूंनी परत मारला" म्हणून ओरडायची आणि माझ्यापुढे हरभऱ्यांचा ढीग व्हायचा. घरात मला भाड्याची वसुली, गॅसचा नंबर आणि नानांच्या गोळ्या यापलीकडे कुणी काही विचारत नसे. गच्चीवर मला विचारायचे, "काकू, तिथं तुम्ही काय केलं असतं?" चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कुणी माझ्या डोक्याला विचारत होतं.

मेघनानंच फोनवर मला एका स्पर्धेत बसवलं. प्रवेश फुकट होता आणि बक्षीस म्हणजे गोव्यातल्या मोठ्या स्पर्धेची जागा, राहण्याजेवणासकट. हजारो लोक होते म्हणे. मी एक रविवार स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून खेळले, मध्ये दोनदा भात लावला, आणि संध्याकाळी जिंकले. मेघना जिन्यातून ओरडतच खाली आली. घरात कुणाला कळेना, रडायचं की हसायचं.

तोवर वाकणाचा विषय पेटला होता. माझे धाकटे दीर विलास चिंचवडला राहतात. त्यांना वाकण विकायचं होतं. कर्ज नव्हतं, अडचण नव्हती. सगळे विकतायत, भाव पुढे असाच राहील असं नाही, एवढंच. संजय आज हो म्हणायचा, उद्या नाही. विलासभाऊजींचं म्हणणं सरळ होतं: "ठेवायचं असेल तर माझ्या वाट्याचे पैसे द्या आणि ठेवा खुशाल." तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. गोव्यात वरच्या काही नंबरांत आले असते तर झाले असते. हे मी मोठ्यानं बोलले नव्हते, पण नानांनी ते ओळखलं. भात पिवळं पडत आलं होतं. एके सकाळी ते ओट्यावर विळ्यांना धार लावत बसले होते, वर न बघता म्हणाले, "जिकलीस तर काय करशील?"

"विलासभाऊजींचा वाटा आपण घेऊ, नाना."

त्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवून पाहिला. मग ते म्हणाले, "जा मग. कापणी थांबवतो. तू आल्याव करू."

माझ्यासाठी कापणी थांबवायची काही गरज नव्हती. बाया ठरलेल्या होत्या, माझ्या एकटीच्या विळ्यानं काय अडणार होतं? पण त्यांना बहुधा असं हवं होतं की ती कापणी वाकण आपलं राहिल्यावर व्हावी. माझ्यावर इतका मोठा विश्वास आधी कुणी टाकला नव्हता. मी गोव्याला निघाले तेव्हा छाती त्यानंच भरून आली होती.

संजय बरोबर आला. बायको एकटी जुगाराच्या जहाजावर जाते म्हटल्यावर त्याला यावंच लागलं. मांडवीत उभं असलेलं ते जहाज बाहेरून लग्नातल्या मांडवासारखं झगमगत होतं, आत मात्र एकही खिडकी नव्हती. बाहेर ऊन की सावली काही कळायचं नाही. एसी इतका गार की मी पंजाबी ड्रेसवर शाल घेऊन बसायचे. शेकडो माणसं बोटांनी चिप्स, म्हणजे हरभऱ्यांऐवजीच्या चकत्या, कुरवाळत बसलेली, त्यांचा एक अखंड कटकट आवाज. बायका जवळजवळ नव्हत्याच. माझ्या टेबलावरच्या पोरांनी पहिल्या तासाभरात मला "आंटी" करून टाकलं आणि मला हलकं धरून आपापल्या चिप्स मला देऊन गेली. रोज माणसं गळत गेली, टेबलं उचलली गेली. मी राहिले. संजय दोरीपलीकडे उभा असायचा. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण दर वेळी माझ्यापुढचा ढीग वाढला की तो आसपासच्या लोकांकडे बघायचा, त्यांनी पाहिलं का ते बघायला.

शेवटच्या दोन टेबलांवर आम्ही उरलो तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याला त्याची गरजही नाही. जहाजाच्या दारावरच त्याचा पुरुषभर उंच फोटो होता. परदेशात जिंकून आलेला, जाहिरातीतला, पोरं ज्याच्याकडून सही घ्यायला उभी राहतात असा. तो आल्याबरोबर कॅमेरे आमच्या टेबलाशी आले. दिसायला देखणा, बोलायला गमत्या. सगळ्यांशी बोलायचा. माझ्याशी सोडून. माझ्याकडे तो पंख्याकडे बघावं तसा बघायचा.

मी मात्र त्याच्याकडे बघत होते. दुपारपर्यंत मला तो सापडला. चांगली पानं असली की तो बडबडायचा, मागच्या डावाची उजळणी करायचा, पाणी मागवायचा. आणि खोटा डाव खेळताना शेजारच्याची विचारपूस. सुरतच्या एका पोराला म्हणाला, "घड्याळ छान आहे, वडिलांनी दिलं?" पोरानं पानं फेकली, आणि यानं हसत आपली उघडून दाखवली. काहीच नव्हतं त्याच्याकडे. इतका मोठा माणूस, आणि आमच्या ओसरीवरच्यांसारखाच.

मग तो डाव आला. माझ्या हातात इस्पिक एक्का आणि किलवर दश्शी. मध्ये तीन पानं उघडली: किलवर राजा, बदाम दश्शी, चौकट चौकी. माझी दश्शीची जोडी झाली. त्यानं चिप्स सरकवल्या, मी तेवढ्या सरकवल्या. चौथं पान इस्पिक दुर्री. कुणाच्याच कामाची नाही. त्यानं आपला सगळा ढीग दोन्ही हातांनी मध्ये लोटला. त्याचा ढीग माझ्याहून मोठा होता. मी तेवढंच लावायचं म्हणजे माझं सगळं लावायचं. हरले तर उठायचं.

त्याला म्हणायचं होतं, माझ्याकडे राजा आहे. राजाची जोडी दश्शीला खाते. कुठलंही पुस्तक सांगेल, अशा वेळी पानं फेकावीत. मी विचार करत होते. आणि तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला, कोपर टेबलावर टेकवून, अगदी आपुलकीनं.

"मॅडम, गोवा पहली बार आये हो? घर पे सब ठीक?"

मी आयुष्यात इतकी शांत कधीच झाले नव्हते. नदीत पाय सोडून बसल्यासारखं वाटलं. मी शाल सारखी केली आणि माझं सगळं पुढे सरकवलं.

त्याचा चेहरा पडला. तो क्षण माझा आहे, तेवढा एक. त्यानं पानं उलटी केली: इस्पिक आणि किलवर, दोन सत्त्या. सत्तीची जोडी. माझी दश्शी वरचढ होती. अख्ख्या गठ्ठ्यात त्याला वाचवणारी दोनच पानं उरली होती, बदाम सत्ती आणि चौकट सत्ती. दोरीपलीकडून संजयनं हातानं विचारलं, काय? मी मान डोलावली. आपण पुढे आहोत.

पानं वाटणाऱ्या मुलीनं टेबलावर हलकेच बोट आपटलं, रिवाजाप्रमाणे वरचं पान बाजूला टाकलं, पुढचं उलटं केलं.

चौकट सत्ती.

आवाज आधी आला, मग मला पान दिसलं. लोक ओरडले, टाळ्या वाजल्या, कॅमेरावाला माझ्या खांद्यावरून वाकून त्याच्याकडे गेला. तो उठून मित्रांच्या मिठ्या मारत होता. माझ्या चिप्स ती मुलगी ओढून घेत होती, फडक्यानं ओटा पुसावा तसं ते दृश्य होतं. हिरव्या कापडावर मघाशी माझं जे होतं ते क्षणात त्याच्याकडे गेलं. मी उठले. खुर्चीच्या पाठीला शाल अडकली होती, ती सोडवत होते, तेवढ्यात तो जवळ आला. मला वाटलं, दोन शब्द बोलेल. खेळलात छान, एवढं. मी हात पुढेही केला होता.

"मॅडम, दस के पेअर पे कॉल? ऐसे कैसे करते हो? ये तो फेकना होता है." तो रागावला होता. खरंच रागावला होता. मी त्याला नियम मोडून जवळजवळ हरवलं होतं.

मी म्हणाले, "क्योंकि आप झूठ बोल रहे थे."

सगळं टेबल हसलं. तोही हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "आंटी इज सॅव्हेज." पुन्हा हशा. माझं आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य होतं ते, आणि त्याचा विनोद झाला.

त्या नंबराला मिळालेल्या पैशांत भाऊजींच्या वाट्याचा कोपराही आला नसता. बाहेर आलो तर लख्ख दुपार होती. डोळे दिपले. किनाऱ्यावरच्या एका खानावळीत संजयनं माशाचं ताट मागवलं. मला घास जाईना. तो काटे काढून माझ्या ताटात ठेवत होता.

"पण तू वरचढ होतीस म्हणालीस."

"होते."

"मग?"

"मग सत्ती आली."

"म्हंजे तू बरोबर खेळलीस."

"बरोबर खेळले."

त्यानं आणखी एक काटा काढला. "मग हरलीस कशी?" मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच विचारायचं होतं. बरोबर वागलेला माणूस हरला, हे आपल्याकडे कुणाच्या पचनीच पडत नाही. काहीतरी चुकलंच असणार, असंच वाटतं सगळ्यांना. कधीकधी मलाही वाटतं, आणि मग मी पुन्हा सगळा डाव मनात खेळते. पुन्हा कोपर टेकवून तो विचारतो, घरी सगळं ठीक? पुन्हा मी सगळं लावते. दर वेळी लावते.

परतीच्या बसमध्येच पाऊस लागला. कोल्हापूरच्या पुढे काचेवर नुसत्या धारा. अवकाळी. संजय फोन लावत होता, घरी कुणी उचलत नव्हतं. पिरंगुटला उतरलो तेव्हा रस्त्याकडेच्या चरातून लाल पाणी वाहत होतं. मी घरात गेलेच नाही, पिशवी संजयकडे देऊन तशीच वाकणाकडे गेले. नाना बांधावर उभे होते, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. सगळं भात आडवं झालं होतं. लोंब्या चिखलात. पेंढ्याला कुजका आंबूस वास सुटू लागला होता आणि त्याच्यातच तो चांगला वासही होता, अजून जिवंत. मी जवळ गेले. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "चार दिस आधी कापलं आस्तं तर हाताला लागलं आस्तं."

एवढंच. त्यात दोष नव्हता, रागही नव्हता. पण माणसानं जे बोलायचं टाळावं ते त्यांनी बोलून टाकलं आणि मग आमच्या दोघांमध्ये ते कायमचं राहिलं. आम्ही सगळ्यांनी मिळून पडलेलं भात चिखलातून उपसून कापलं. हात सोलवटून निघाले. झोडलं तेव्हा दाणा काळा पडलेला, मोड आलेला. कोंबड्यांना घातला.

विलासभाऊजी त्याच आठवड्यात आले. "बघा," ते ओसरीवर म्हणाले, "पीक पण गेलं. कशासाठी ठेवायचं?" संजयनं या वेळी मान डोलावली. त्याला आता नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं, किंवा नाही म्हणायचा कंटाळा आला होता. नाना उठून गोठ्याकडे गेले. पौडला कचेरीत खरेदीखतावर सह्या करायला गेलो तेव्हा जमीन घेणारा माणूस खुर्च्या पुसून देत होता. "नाना, गेटाजवळ तुमच्या नावाची बाग करू. वहिनी, प्रवासात त्रास नाही ना झाला?" मी त्याच्याकडे बघत राहिले. मला स्वच्छ दिसत होतं. पण तिथं माझ्यापुढं सरकवायला काही नव्हतं. बाग अर्थातच झाली नाही. गेटाजवळ आता सिक्युरिटीची केबिन आहे, आणि तिथला माणूस आम्हाला नदीवर जाताना विचारतो, "कहाँ जाना है?"

पुढे मेघनानं तो व्हिडिओ दाखवला. दाखवू की नको असं तिला झालं होतं. लाखो लोकांनी पाहिलेला. नाव त्याचं, चेहरा त्याचा, आणि मी कोपऱ्यात शाल घेऊन बसलेली. खाली हसणारी तोंडं आणि आंटीवर विनोद. मध्ये तो स्वतः समजावून सांगत होता की हा दबाव टाकायचा डाव कसा बरोबर होता, चुकली ती समोरची. नवख्या लोकांना घाबरायचं कधी तेसुद्धा कळत नाही. शिकणाऱ्या पोरांसाठी त्यानं तो डाव धडा म्हणून ठेवला आहे. म्हणजे माझी चूक आता शिकवली जाते. मेघना चिडून म्हणाली, "काकू, तुम्ही बरोबर होत्या. गणितानं बरोबर होत्या." ती गेली आता, बेंगळुरूला. जाताना गच्चीवरच्या पत्त्यांचा कॅट मला देऊ लागली, मी घेतला नाही. फोनवरचा तो खेळही नंतर सरकारनं बंदच केला. बरं झालं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बरंच झालं असेल, कितीतरी घरं त्यात गेली. पण त्यामुळे मला पुन्हा त्याच्यासमोर बसायची वाटही बुजली.

आणि मग गावात ते सुरू झालं. पहिल्यांदा मी पिरंगुटच्या बाजारात ऐकलं. मी मेथी निवडत होते, माझ्या पाठीमागे एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "हीच ती. पत्त्यात जमीन घालवली ती." मी मेथी खाली ठेवून वळले. दोघी भाजीवाल्याशी बोलू लागल्या. नंतर ते वरचेवर ऐकू आलं. लग्नात, दळणाच्या रांगेत, भिशीत. कुणी तोंडावर म्हणत नाही. कुणी तोंडावर म्हणालं असतं तर मी सांगितलं असतं की एक रुपया घरचा लावला नव्हता, की जमीन चांगल्या घसघशीत भावानं विकली गेली, की तिच्या पैशांतून चिंचवडला फ्लॅट झाला आणि आमच्या दारात गाडी आली. पण तोंडावर कुणी म्हणतच नाही. भात थांबलं, सून गोव्याला गेली, भात गेलं, जमीन गेली. माळ ओवून तयार आहे, तोडायची कशी?

मी इतकी वर्षं समजत होते की हे गावानं रचलं. परवापर्यंत.

दर वर्षी भात निघालं की धनगर मेंढरं घेऊन खाली यायचे आणि रिकाम्या खाचरात कळप बसवायचे. खाचराला लेंडीखत मिळायचं, त्यांना धान्य. आमच्या वाकणात म्हाकूबाबांचा कळप बसायचा, नानांच्या तरुणपणापासून. मध्ये काही वर्षं ते या वाटेनं आलेच नव्हते. परवा सकाळी मेंढरांचा आवाज आला आणि मी खिडकीतून पाहिलं तर म्हाकूबाबा अंगणात, खांद्यावर घोंगडी. कळप त्यांच्या लेकानं रस्त्याकडेला धरून ठेवला होता, मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. नाना ओसरीवर ऊन खात बसले होते. मी चहा टाकला.

चहा घेऊन दारापर्यंत आले तेव्हा म्हाकूबाबा विचारत होते, "नाना, वाकण कुटं गेलं? म्या आदी वाट चुकलो म्हणलं. हितं भिताडच उभं हाय."

नानांनी शेजारची काठी हातात घेतली.

"इकलं व्हय? तू तर म्हनायचास, मेलो तरी द्याचा न्हाई."

मी दारातच थांबले. नानांनी हातातली काठी उगीच जमिनीवर फिरवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "काय सांगू म्हाकू. सुनेला पत्त्याचा नाद. गोव्याला जाऊन घालवून आली."

म्हाकूबाबा "आरारा" म्हणाले आणि वर पाहिलं, तर दारात मी. नानांनीही पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर आली आणि लगेच खाली गेली. विळ्यांना धार लावताना मला जा म्हणणारा, माझ्यासाठी उभं पीक थांबवणारा हाच माणूस. मी कशासाठी गेले होते ते ओळखणारा घरातला एकटा हाच.

मी पुढे झाले. म्हाकूबाबांच्या हातात कप दिला, नानांच्या हातात दिला. नानांच्या कपातला चहा बशीत सांडला. मी पदरानं बशी पुसली आणि आत आले.

संजय आतल्या खोलीत दाढी करत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच. "तू बोलली का न्हाईस?" तो म्हणाला. "खोटं हाय ते. सांगायचं की तोंडावर."

"काय सांगू?" मी म्हणाले. "खरं सांगायचं तर परक्या माणसापुढं त्यांना पोटच्या पोरांची नावं घ्यावी लागली असती. माझं घेणं सोपं पडलं."

संजय आरशाकडे वळला आणि उरलेला गाल करू लागला.